मुरमाच्या पट्टीवर गोल्फ

मला गोल्फ जमतो, हे मला पहिल्यांदा थायलंडमधल्या एका माणसानं सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं आणि मला त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे तो नेमकं काय म्हणाला हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जालन्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. हंगामात ठरलेला माल खपवला की कंपनी आम्हा विक्रेत्यांना परदेशात फिरवून आणते. बाकी मंडळी वरण-भात कुठं मिळतो याच्या शोधात बाहेर पडली आणि मी हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर गेलो. तिथल्या त्या माणसानं माझ्या हातात काठी दिली, माझी कोपरं आवळली, गुडघे वाकवले आणि मारायची खूण केली. सहा वेळा काठी चेंडूच्या वरून गेली. सातव्या वेळी टक् असा आवाज झाला आणि चेंडू असा काही सुटला की मी तोंड उघडं ठेवून बघतच राहिलो. लांबवर आकड्यांच्या पाट्या होत्या. माझा चेंडू दोनशे यार्डांच्या पाटीपाशी पडलेला मला दिसला. चष्मा मी खोलीवर विसरलो होतो, हा तपशील मात्र जालन्यात परत आल्यावर कुणाला सांगितला नाही.

दोनशे यार्ड मात्र सगळ्यांना सांगितले. बायकोनं विचारलं, म्हणजे किती? मी म्हटलं, सहाशे फूट. तिनं मनातल्या मनात आमच्या गल्लीपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंतचं अंतर धरलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून मी हाक मारली तर तुम्हाला ऐकू येत नाही. आणि चेंडू मारता?"

माणसाला पन्नाशीत एखादी गोष्ट चांगली जमली, तीही एकदाच, की तो वाया जातो. मी संभाजीनगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून जुन्या काठ्यांची पिशवी आणली, सोबत चेंडूंची गोणी. मैदान म्हणून वाटूरच्या पुढं आमची वडिलोपार्जित जमीन आहे, तिच्यातली दोन एकरांची पट्टी धरली. ती नुसती मुरमाची. तिच्यात सोयाबीन येत नाही, तूर येत नाही, कुसळं तेवढी येतात. तिच्याच कडेनं बांध आहे आणि बांधापलीकडं माझ्या चुलतभावाचं रान.

या बांधाबद्दल आधी सांगायला हवं.

चुलतभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणतो. आमच्या दोघांच्या बापांनी एका ताटात जेवून जमीन वाटून घेतली, आणि आम्ही दोघांनी त्याच बांधावरून सहा वर्षं अबोला धरला. भांडण फूट-दीड फुटाचं. सरकारी मोजणी आली, दगड रोवले गेले, पुढच्याच पावसाळ्यात तो म्हणाला मी दगड सरकवला, मी म्हणालो त्यानं सरकवला. खरं तर दगड कुणी सरकवला हे दगडालाच ठाऊक. पण सहा वर्षं आम्ही पाहुण्यांच्या लग्नात समोरासमोरच्या पंगतींत बसून जेवलो आणि एकमेकांच्या पानाकडं बघितलं नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका दिली होती, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी मंडपामागं आचाऱ्यावर कुणीतरी तापलेलं ऐकू आलं म्हणून गेलो, तर दादा. वांगी जून आहेत म्हणून तो आचाऱ्याला झापत होता. दोन दिवस त्यानं सगळी पंगत सांभाळली. मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या मंडपात आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आता परत मोजणी न्हाई. हाय ते हाय." मी म्हणालो, "हाय ते हाय." एवढ्यावर सहा वर्षं मिटली. तेव्हापासून बांधावर टेप न्यायची नाही, हा आमच्यात न लिहिलेला कायदा.

तर अशा त्या बांधाशेजारी मी गोल्फ सुरू केला.

गावात कुणाला सांगितलं नाही. दाढी पिकलेल्या माणसानं माळावर काठी घेऊन चेंडूमागं फिरावं, हे वाटूरच्या फाट्यावर चहासोबत वर्षभर पुरलं असतं. दादा रविवारी सकाळी परतूरला लेकीकडं जातो, म्हणून मी रविवारच धरला. तेव्हा त्याच्या रानात कापूस वेचायलाही कुणी नसायचं, त्यामुळे कुणाच्या डोक्याची काळजी नव्हती. काळजी चेंडूंची होती. दादाचा कापूस फुटलेला. गोल्फचा चेंडू पांढरा, कापसाचं बोंड पांढरं, आणि माझा प्रत्येक तिसरा टोला उजवीकडं बांधाच्या पलीकडं. ज्यानं कधी फुटलेल्या कापसात पांढरा चेंडू शोधला नसेल त्याला संयम म्हणजे काय ते कळायचं नाही. मी तासभर वाकून फिरायचो. लोक कापूस वेचतात, मी न वेचता नुसता बघत फिरायचो.

पुण्यातल्या मुलाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, पप्पा, तुम्ही चेंडू शोधता कुठं? मी म्हटलं, दोनशे यार्डांवर, जिथं पडतो तिथं. तो म्हणाला, एक ॲप टाका. त्यानंच ते लांबूनच टाकून दिलं. मारल्या जागी एकदा बटण दाबायचं, चेंडू सापडला तिथं जाऊन पुन्हा दाबायचं, मधलं अंतर ते उपग्रहाकडून विचारून सांगतं.

पुढच्या रविवारी मी मनापासून टोला मारला. तसा टोला रोज बसत नाही. चेंडू पट्टीतच, डोळ्यांसमोर पडला. चालत गेलो, बटण दाबलं. ॲप म्हणालं, चौऱ्याण्णव.

मला वाटलं ढग असतील. आभाळ निरभ्र होतं. पुन्हा मारला, एकशे दोन. पुन्हा मारला, एक्क्याऐंशी. पंधरा टोल्यांत एकही एकशे दहाच्या पुढं गेला नाही. कुसळांत मटकन बसलो. थायलंडपासून मी एका आकड्यावर जगत होतो आणि तो आकडा निम्मा केला तरी जेमतेम माझ्या वाट्याला येत होता. इतके दिवस मी कापसात शंभर यार्ड पुढं चेंडू शोधत होतो.

पण सांगतो, त्या दिवसापासून माझा खेळ सुधारला. आधी मी पट्टीच्या टोकाची बाभळ बघून छोटी काठी घ्यायचो, कारण दोनशेवाल्या माणसाला मोठी कशाला? आता ॲपनं मोजून सांगितलं की बाभळ एकशे पाचावर आहे, मी गुपचूप मोठी काठी घ्यायचो. वहीत लिहिलं: सात नंबरची काठी, नव्वद, आणि उजवीकडं. आधी बाभळीच्या बुंध्याला चेंडू लावायला मला अकरा टोले लागायचे, महिन्याभरात सातवर आलो. बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्याबद्दल खरं बोलणारं काहीतरी घरात आलं, हे बरं झालं.

ॲपमध्ये जगातली मैदानं होती, पण आमची मुरमाची पट्टी नव्हती. अशांसाठी सोय होती: आपलं मैदान आपणच आखा. कडेनं चाला, कोपऱ्यांवर बटण दाबा, खड्ड्यापाशी उभं राहून दाबा. मी चार खड्डे खणले. खुणेला फक्की टाकली. झेंड्यांसाठी बायकोकडं कापड मागितलं, तर तिनं आधी विचार केला. भगवं नको, हिरवं नको, निळं नको, उगाच गावात सभा भरेल. शेवटी तिनं जुना फुलाफुलांचा गाऊन फाडून दिला. चार बांबूंना चार तुकडे बांधले आणि मोबाईल आरतीच्या ताटासारखा पुढं धरून मी पट्टीच्या चारी बाजूंनी फिरलो. बांधावरूनही फिरलो, कारण पट्टीची ती बाजू तिथंच संपते.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

आमच्याकडं हार्वेस्टरवाला आला की किती एकर काढलं हे तो मोबाईल घेऊन रानाच्या कडेनं चालूनच मोजतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की मोबाईल पुढं धरून बांधानं चालणारा माणूस रान मोजतो. त्यात फक्की आणि झेंडे. रस्त्यानं जाणाऱ्यांनी जे बघायचं ते बघितलं. पुढच्या आठवड्यात फाट्यावर चहा घेताना एकानं मला विचारलं, मोजणी खासगी आणली का सरकारी? मी हसून सोडून दिलं. दादाला दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. तेही मी सोडून दिलं. माणूस आकड्यांत रमला की त्याला माणसं दिसत नाहीत.

पुढच्या रविवारी पिशवी खांद्यावर टाकून पट्टीवर आलो तर दादा परतूरला गेलाच नव्हता. बांधावरच्या लिंबाखाली उकिडवा बसला होता. पायाशी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात घडी पडलेला मोजणीचा जुना कागद. त्या भांडणाच्या वेळचा. मी लांबूनच ओळखला, कारण तसलाच माझ्याकडंही आहे.

"ये," दादा म्हणाला. "मोजून झालं का?"

मी विचारलं, काय?

"मला कामून इचारतो? साऱ्या फाट्याला ठाऊक हाय. मोबाईल धरून बांधानं फिरून राह्यला, फक्की टाकून राह्यला, झेंडे रोवून राह्यला. तेबी मी गावात नसताना. मांडवात आपण काय बोललो होतो?"

"हाय ते हाय."

"मंग?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पिशवीची गाठ सोडत म्हणाला, "तुला वाटत असंल माझ्याकडं फूटभर जास्तीचं हाय, तर तोंडावर सांगायचं. देऊन टाकलं असतं. पण असं चोरून न्हाई करायचं."

शहरात राहून मी जरा नीट मराठी बोलायला शिकलो आहे, असं माझं मत आहे. ती सगळी त्या लिंबाखाली गळून पडली. मी म्हणालो, "दादा, मी गोल्फ खेळून राह्यलो."

त्यानं मुरमाकडं बघितलं. "ह्याच्यात?"

मी समजावू लागलो आणि जितकं समजावलं तितकं बिघडत गेलं. खड्डे कशाला, तर चेंडू घालायला. झेंडे कशाला, तर खड्डा लांबून दिसायला. मंग मोबाईल कशाला? खड्डा किती लांब आहे ते बघायला. "झेंडा दिसून राह्यला," दादा म्हणाला, "खड्डा तूच खणला, रान तुझं, आन् ते किती लांब हाय हे तू वरच्या उपग्रहाला इचारतो."

पुरावा म्हणून मोबाईलच दाखवला. ही माझी आणखी एक चूक. पडद्यावर वरून काढलेला आमच्या रानांचा फोटो, मधून बांधाची रेघ, आणि मी जिथं उभा आहे तिथं निळा ठिपका. मी उभा होतो माझ्या मुरमात. ठिपका होता रेघेच्या पलीकडं, दादाच्या कापसात. मी घाईघाईनं सांगितलं की पाच-दहा पावलांचा फरक पडतो, यंत्र आहे. दादानं पडद्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. "तुझं यंत्र तुला माझ्या रानात उभं करून राह्यलं," तो म्हणाला आणि कागदाची घडी उलगडायला लागला.

तो कागद उलगडला की काय होतं हे मला माहीत होतं. सहा वर्षं होतात.

मी म्हणालो, एकच टोला बघ, मग काय ते कर. चेंडू ठेवला, पश्चिमेकडच्या झेंड्याकडं तोंड केलं. पहिल्यांदा काठी वरून गेली. दुसऱ्यांदा मुरूम उडाला आणि दादाच्या धोतरावर पडला. तिसऱ्यांदा चेंडूला लागली. चेंडू समोर न जाता कडेला, जवळजवळ काटकोनात सुटला, लिंबाच्या फांदीला घासला आणि कापसात गडप झाला.

दादानं मान वळवून तो गेला तिकडं बघितलं. "हे मुद्दाम केलं का?"

"न्हाई."

"मारायचा कुठं होता?"

मी झेंडा दाखवला. त्यानं झेंड्याकडं बघितलं, मग कापसाकडं, मग पुन्हा झेंड्याकडं. त्याच्या हातात कागद तसाच अर्धा उलगडलेला.

तेवढ्यात कापसातून वहिनी आली. दादाची बायको. तिला पलीकडून टोल्याचा आवाज आला होता. झाल्या प्रकाराचा तिला पत्ता होता की नाही कोण जाणे, पण तिनं दादाकडं दुर्लक्ष केलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, ते पांढरे गोळे तुमचेच हायेत का? म्या म्हणलंच व्हतं बायांना. आम्हाला लई सापडले."

मी विचारलं, किती? ती म्हणाली, पाटीभर. पहिला गोळा सापडला तेव्हा तिनं विचार केला, भाऊजींचं बियाण्याचं दुकान, कंपनीनं बोंडअळीवर काहीतरी नवीन काढलं असेल, आणि भाऊजींनी न बोलता आपल्या रानात टाकलं असेल. लग्नानंतर गोडी झालेली, तेव्हा तिला ते पटलं. म्हणून वेचणाऱ्या बायांना तिनं सांगितलं की गोळे दिसले तरी निम्मे जागेवरच राहू द्या.

"आन् भाऊजी," ती म्हणाली, "अळी कमीच हाय औंदा."

दादा मात्र वेगळाच विचार करत होता. कुठं कुठं सापडले, असं त्यानं वहिनीला विचारलं. ती बोटानं दाखवत गेली: लिंबाच्या मागं, पाटाजवळ, मधल्या तासात, ते पार तिकडं विहिरीच्या अंगाला, दोन तर पाण्याच्या टाकीत. दादा उठला, कापसाच्या कडेनं थोडा फिरून आला. पाच-सहा जागा त्यानं स्वतः बघितल्या. परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"मोजणारा माणूस सरळ रेघ मारत असतो," तो म्हणाला. "तुझे दोन चेंडू एका रेघेत न्हाईत. तुझ्यानं मोजणी होत नसती बाबा. तुझ्यानं हेबी होत न्हाई."

एवढं बोलून त्यानं कागदाची घडी घातली. आधीच्या घड्यांवरच घातली, नीट, आणि पिशवीला गाठ मारली. मग त्याचे खांदे हलायला लागले. दादा हसतो तेव्हा आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. वहिनीला कळेना काय झालं. मला मात्र माझ्या खेळाबद्दल इतकी कृतज्ञता कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी जर बरा टोला मारला असता, झेंड्यापाशी सरळ शंभर यार्डांवर, तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

मग त्यानं माझं ऐकून घेतलं. थायलंडही ऐकलं. दोनशे यार्ड मी सांगितलेच नाहीत, थेट चौऱ्याण्णव सांगितले. तो म्हणाला, चोरून कशाला खेळतो? लोक हसतील म्हणून, मी म्हणालो. "हसतेलच की," दादा म्हणाला. "तेवढ्यासाठी मला न सांगता फिरला व्हय? मी किती दिवस जेवलो न्हाई नीट, हिला इचार." वहिनीनं मान हलवली. मी म्हटलं, चुकलं.

वहिनी पाटी आणायला घराकडं गेली. दादानं माझ्या पिशवीतली एक एक काठी काढून तोलून बघितली आणि वखराच्या दांड्याला ह्यातली कुठली बरी पडेल याचा अंदाज घेतला. मग त्यानं फर्मान काढलं. बांधाजवळचा झेंडा तिथून हलवायचा, कापूस संपेपर्यंत तिकडं मारायचं बिलकुल बंद, वेचणाऱ्या बायांच्या डोक्यात एखादा बसायचा. आणि त्याबदल्यात त्याचं खळं घ्यायचं. सोयाबीन होऊन खळं रिकामं पडलं होतं, चोपून गुळगुळीत केलेलं, आमच्या मुरमाहून शंभर पट बरं.

"तिथं पाड एक खड्डा," तो म्हणाला. "पाव्हणे आले तर दाखवाया होईल."

मी म्हणालो, खड्डा पाडला तरी ॲपमध्ये त्याची नोंद करावी लागते, तिथं जाऊन बटण दाबावं लागतं. मी जाऊन येतो.

"तू थांब. तुझ्या यंत्राला दिशा कळत न्हाई अन् तुला बी." त्यानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. कोणतं बटण ते मी दाखवलं, हिरवं, खळ्यात पोचल्यावर एकदा. तो निघाला. मोबाईल दोन्ही हातांनी पुढं धरून, सावकाश, बांधावरून, अगदी मी चाललो होतो तसाच. रस्त्यानं एक मोटारसायकल जात होती, ती थांबली. दोघं जण उतरून बघायला लागले. एकानं तिथूनच विचारलं, "मोजणी का हो, दादा?"

दादानं मोबाईलवरून नजर काढली नाही. "गोल्फ हाय," तो म्हणाला. "न्हाई कळायचं तुला."

खळ्यात जाऊन तो मधोमध उभा राहिला, टाचेनं जमीन दाबून बघितली, चारी बाजूंना बघितलं आणि तसाच परत आला. आल्यावर मला म्हणाला, "हे हिरवं ना?" आणि माझ्या शेजारी उभं राहून बटण दाबलं.

पडद्यावर पाचव्या खड्ड्याचं अंतर आलं, चार यार्ड.

"किती दावून राह्यलं?" दादानं विचारलं.

मी सांगितलं.

तो म्हणाला, "मंग जमंल तुला."